५२ पुस्तकांचं टार्गेट राहू दे, आधी सांगा बसून वाचता कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जानेवारीत वर्षाला ५२ पुस्तकं वाचायची ठरवली, मार्चपर्यंत गाडी सातव्या पुस्तकावर अडकली, मग लाज वाटायला लागली म्हणून पुस्तकाकडे बघणंच बंद केलं, आणि आता मागे वळून बघताना काम, घर, मोबाईल याशिवाय वर्षात काही घडलंय असंच वाटत नाही. वाचन परत सुरू कसं करू, आणि दिवस असे भुर्रकन उडून जाऊ नयेत म्हणून काय करू.

मी २६ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली बरीचशी देवघेवीच्या काउंटरवर, म्हणजे माणसं कुठली पुस्तकं नेतात यापेक्षा ती कशी परत आणतात हे मी जास्त बघितलंय. जानेवारीत जाडजूड पुस्तकं बाहेर जायची, फेब्रुवारीच्या शेवटी परत यायची, आणि आत कुठेतरी बसचं तिकीट नाहीतर औषधाची चिठ्ठी अडकवलेली असायची, बहुतेक वेळा तिसाव्या ते साठाव्या पानाच्या मधे. परत देताना चेहरा असा की जणू काही काच फोडलीये. मी नेहमी म्हणायचे, अहो हे पुस्तक तुमच्यासाठी आहे, तुम्ही पुस्तकासाठी नाही. (यात माझं शहाणपण काही नाही, रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला दुसरा साधारण हाच, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. चौथा तर मला जास्तच आवडतो, वाचकाचा वेळ वाचवा.)

तर आधी ५२ चा हिशेब एकदा करून टाकू, म्हणजे ते भूत उतरेल. समजा एक पुस्तक २०० पानांचं धरलं तर ५२ पुस्तकं म्हणजे १०,४०० पानं, रोज साडेअठ्ठावीस. एका पानाला दोन मिनिटं धरली तर रोज जवळपास एक तास, ३६५ दिवस, आजारपण, पाहुणे, प्रवास, भांडणं सगळं धरून. हा तास तुमच्या दिवसात खरंच मोकळा आहे का? नसेल तर सातावर अडकलात यात आळस वगैरे काही नाही, गणितच चुकलं होतं. याच हिशेबाने रोज २० मिनिटं धरा, दहा पानं होतात, वर्षाला ३,६५० पानं, म्हणजे साधारण १८ पुस्तकं. अठरा काही कमी नाहीत हो. आणि दोन मिनिटं हा माझा अंदाज आहे, तुम्ही घड्याळ लावून दहा मिनिटं तुमच्या नेहमीच्या वेगाने वाचा आणि पानं मोजा, तुमचा आकडा तो तुमचा. इंग्रजीत मूकवाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द असा आकडा २०१९ मध्ये मार्क ब्रिसबर्ट यांनी बऱ्याच जुन्या अभ्यासांची मोट बांधून काढलाय, पण तो आपल्याला जसाच्या तसा लावू नका, मराठीत 'घराबाहेरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द मोजला जातो आणि तिकडे त्याचे चार-पाच होतात.

आता माझी फजिती सांगते. २०११ मध्ये मी स्वतः ५२ चा नाद केला होता. पूर्ण केले, अगदी ५२. कसे? ऑक्टोबरनंतर शेल्फवरून फक्त बारीक पुस्तकं उचलायला लागले, शंभर पानांच्या आतली, मोठ्या टाइपातली, मधे चित्रं असतील तर फारच छान. डिसेंबरच्या शेवटी यादी घेऊन बसले तर ११ नावं अशी निघाली की त्यात काय होतं ते मला एका वाक्यातही सांगता येईना, आणि मी ग्रंथालयात काम करत होते, मला तर नुसत्या कव्हरवरून अर्धी गोष्ट सांगता यायची. आकड्याला टार्गेट केलं की माणूस आकडा आणतो आणि ज्यासाठी आकडा ठेवला होता ते कडेला राहतं, हे ऑफिसात सगळ्यांना कळतं, घरी आलं की आपण विसरतो.

पण विसरण्याचं म्हणाल तर त्याचा फार बाऊ करू नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला, एका दिवसात साधारण दोन तृतीयांश गेलं, महिन्याने पाचवा हिस्सा उरला. फक्त त्याने पाठ काय केलं होतं तर अर्थ नसलेली अक्षरं. गोष्ट, माणूस, एखादं दृश्य, याला अर्थाची खुंटी असते त्यामुळे ते जास्त टिकतं, आणि त्याहून जास्त टिकतं ते, ज्याला तुमच्या स्वतःच्या दिवसाची खुंटी असते. माझं सगळं सांगणं खरं म्हणजे या एका मुद्द्यावर आहे. मला २०११ ची ती ११ पुस्तकं आठवत नाहीत, पण त्याच्या नंतरच्या वर्षी दाताच्या डॉक्टरकडे ४० मिनिटं ताटकळत असताना वाचलेलं प्रकरण आजही आठवतं, कारण नंबर लागला तेव्हा मला राग आला होता, दात दुखत असूनसुद्धा. का आठवतं? कारण त्या संध्याकाळी मी ते लिहून ठेवलं.

म्हणून पुस्तकांची यादी ठेवू नका, दिवसाची एक ओळ ठेवा. एक वही, रोज एकच ओळ. तारीख, वाचत असाल तर पुस्तक आणि पान, आणि त्या दिवशी बरं वाटलेली एक बारीकशी गोष्ट. बारीकच. 'प्रमोशन' नको, ते तसंही लक्षात राहतं. माझ्या वहीतल्या ओळी अशा आहेत: 'पान ६१, लाइट गेली, खिडकीशी उभं राहून प्रकरण संपवलं.' 'पान १४, सुरुवात रटाळ, पण बसमध्ये शेजारच्या मुलीने मान वाकडी करून नाव वाचलं.' 'वाचलं नाही, धुतलेली चादर, नवीन पांघरुणापेक्षा भारी.' बस, एवढंच. पहिल्या महिन्यात तुम्हाला स्वतःला हसू येईल की हे काय लिहितोय मी. लिहा.

वहीच्या मागची दोन पानं मात्र मोकळी ठेवा. तिथे अनुक्रमणिका करायची, पुढून नाही, मागून, आणि आधी नाही, जसजसं भरेल तसतशी. ही युक्ती जुनी आहे, जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने टिपणवहीला अशी सूची कशी करायची याची पद्धत १६८६ मध्ये छापली होती, शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर घेऊन दोन पानांत अख्खी वही बसवायची. मी त्याची सोपी आवृत्ती करते, क, ख, ग असे रकाने आणि त्यापुढे वहीचे पान नंबर, 'पाऊस' प मध्ये, 'खुर्ची' ख मध्ये. ग्रंथपालाची खोड म्हणा. पण तीन वर्षांनी 'पाऊस' काढून बघितलं आणि चौदा पावसाळी दिवस एका रांगेत मिळाले की काय मजा येते ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

ती वही रोज वाचत बसायची नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे, २००५ च्या लेखात त्यांनी तो मांडलाय, काही लोकांना सहा आठवडे आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा आपल्या चांगल्या गोष्टी मोजायला सांगितल्या, तर फरक पडला तो एकदा मोजणाऱ्यांना, तीनदावाल्यांना त्याचा बहुतेक कंटाळा आला. माझाही अनुभव तसाच, ओळ रोज लिहायची पण मागे वळून बघायचं ते आठवड्यातून एकदाच, मी रविवारी बघते, सात ओळी, दोन मिनिटं लागतात. आणि तुमची जी तक्रार आहे ना, की वर्षात काही घडलंच नाही, ती इथे सुटते. घडलेलं असतं हो, नोंद नसते.

आता सवय लागण्याबद्दल, कारण '२१ दिवसांत सवय' हे कोणीतरी तुम्हाला नक्की सांगितलं असणार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांना १२ आठवडे तपासलं (२००९-१० चा अभ्यास), सवय अंगवळणी पडायला निघालेला मधला आकडा ६६ दिवसांचा, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांच्या पुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). यातला माझा आवडता भाग वेगळाच आहे, मधे एखादा दिवस चुकला तर एकूण सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे एक दिवस राहिला म्हणून 'आता काय, तुटलंच' असं म्हणत अॅपवरच्या त्या सलग दिवसांच्या साखळीसाठी रडत बसायचं कारण नाही. त्या लोकांनी सवय जोडली होती ती रोजच्या एखाद्या घटनेला, जेवणानंतर वगैरे, घड्याळातल्या वेळेला नाही. तुम्हीही तसंच करा, '९ वाजता वाचणार' असं नको, ९ वाजता फोन येतो, 'दात घासल्यावर वाचणार' असं ठरवा, दात तर घासायचेच आहेत.

आणि वाचताना प्रकरण संपवून थांबू नका. हे सगळ्यांना उलटं वाटतं. प्रकरण संपलं की डोक्यात टिकमार्क पडतो आणि उद्या उघडायची ओढ राहत नाही, त्यापेक्षा भांडण रंगात आलंय, दार वाजलंय, कोण आलंय ते कळायच्या आत पुस्तक मिटा. खोटं वाटत असेल तर याच्याशी मिळतंजुळतं एक संशोधन सांगते, नेल्सन आणि मेव्हिस या दोघांनी २००८ मध्ये दाखवलं की मसाज मधेच थांबवून परत सुरू केला तर लोकांना तो सलग मसाजपेक्षा जास्त आवडला, जरी आधी विचारलं तेव्हा बहुतेक जण म्हणत होते की मधे थांबवू नका. सुखाची आपल्याला फार पटकन सवय होते, तिसऱ्या पानावर जी भाषा गोड वाटते ती तिसाव्या पानावर नुसती भाषा होते, मधे खंड पडला की जीभ परत ताजी होते. छोट्या सुखांना हे सगळ्यात जास्त लागू आहे. आवडतं गाणं रोज अलार्म म्हणून लावलंत तर महिन्यात ते गाणं मेलं समजा, मी मारलंय एक, नाव सांगत नाही.

नकोसं पुस्तक सोडायचं कसं, हे विचारलं नाहीत पण सातव्या पुस्तकावर तुम्ही अडकलात ते बहुधा त्यामुळेच. अमेरिकेतल्या एक ग्रंथपाल आहेत नॅन्सी पर्ल, त्यांचा नियम मी वर्षानुवर्षं लोकांना सांगितला: पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा. आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, तेवढीच पानं द्यायची, कारण उरलेला वेळ कमी. म्हणजे मी आता ६१ ची, माझ्याकडून कुठल्याही पुस्तकाला ३९ पानं. शंभराव्या वर्षी नुसतं कव्हर बघून नाही म्हणायची सोय आहे, तिथपर्यंत पोचायला पाहिजे. सोडलेलं पुस्तकही वहीत लिहा, 'पान ३९, नमस्कार' एवढं, ते अपयश नाही, तीही एक नोंदच.

कागद का मोबाईल, हा वाद मी घालणार नाही, दोन वाक्यांत सांगते. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात माहितीपर मजकूर कागदावर जरा चांगला समजतो असं दिसलं, वेळेचा दबाव असेल तर जास्तच, पण गोष्टीच्या बाबतीत फरक दिसला नाही, तेव्हा कादंबरी कशावरही वाचा आणि अभ्यासाचं शक्य असेल तर छापील. मोबाईलचा खरा त्रास हा की वरून नोटिफिकेशन टपकतं, विमान मोड नावाची गोष्ट विमानाबाहेरही चालते.

त्यापेक्षा महत्त्वाचं, आणि हे फार कमी लोक सांगतात: तुमचं वय चाळीसच्या आसपास असेल तर आधी डोळे तपासून या. मी थट्टा करत नाहीये. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठ व्हायला लागतं आणि जवळचं धूसर होतं, ते इतकं हळूहळू होतं की माणसाला 'दिसत नाही' असं वाटतच नाही, 'कंटाळा येतो' असं वाटतं. 'हल्ली वाचनात मन लागत नाही' म्हणणारे कितीतरी जण काउंटरवर पुस्तक हात लांब करून धरायचे, मी हळूच विचारायचे डोळे कधी तपासलेत, तर कोणी दहा वर्षांपूर्वी, कोणी तपासलेच नाहीत. पुढच्या महिन्यात तेच लोक दोन-दोन पुस्तकं न्यायला लागायचे. डोळ्यांवरून आठवलं, सॅम्युअल पेपीस नावाचा जो प्रसिद्ध रोजनिशीवाला होऊन गेला, १ जानेवारी १६६० ला सुरू करून त्याने ३१ मे १६६९ ला रोजनिशी बंद केली ती डोळे जातील या भीतीने, आणि गेले काही नाहीत, पुढे चौतीस वर्षं जगला. बिचाऱ्याला वेळेवर बरा चष्मा मिळाला असता तर, असं मला दरवेळी वाटतं.

वर्ष सगळं सारखं नसतं हेही मनात धरा. बारा महिने एकाच वेगाने वाचणारा माणूस मी तरी बघितला नाही. काही महिने जाड पुस्तकाचे असतात, काही नुसत्या कवितांचे, काहींत फक्त जुनंच परत वाचावंसं वाटतं आणि ते वाचावं, परत वाचलेलं मोजायचं का हा प्रश्न टार्गेटवाल्यांना पडतो, आपल्याला पडू नये. आणि एखादा काळ असा येतो की अक्षर लागतच नाही. माझी आई गेली त्या वर्षी मी साडेचार महिने एक पान वाचलं नाही, आणि नोकरी ग्रंथालयात, दिवसभर पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होते. तेव्हाच्या वहीत ओळीच्या ओळी 'आज नाही' एवढंच लिहिलंय. मग एक दिवस परत आलेल्या ढिगातून लहान मुलांचं एक पुस्तक जागेवर लावायला उचललं आणि उभ्याउभ्या वाचून टाकलं, बत्तीस पानांचं. तिथून सुरू झालं. तुम्हीही सातव्या पुस्तकाकडे परत जाऊ नका, ते तसंच राहू द्या, काहीतरी बत्तीस पानांचं शोधा.

शेवटी खुर्ची. शीर्षकात विचारलं होतं ते उगाच नाही. वाचायची जागा एकच असू द्या पण ती वर्षभर एकाच ठिकाणी असली पाहिजे असं नाही. माझ्याकडे एकच खिडकी बरी आहे, दुपारी तिच्यातून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडतो, हिवाळ्यात सूर्य खाली असतो म्हणून तो पार खोलीच्या मध्यापर्यंत येतो, उन्हाळ्यात सूर्य वर चढतो आणि पट्टा आखडत आखडत भिंतीच्या पायथ्याशी जातो. पृथ्वीचा आस २३.४ अंशात कललाय हे शाळेत पाठ केलं होतं, समजलं ते त्या फरशीवर. निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी मी दर महिन्याच्या २१ तारखेला दुपारी ठरलेल्या वेळेला पट्ट्याच्या टोकाशी पेन्सिलने खूण करत गेले, बारा खुणा होतील असं वाटलं होतं, पण झाल्या सातच ठळक, कारण पट्टा ज्या वाटेने जातो जवळपास त्याच वाटेने परत येतो, मार्चच्या खुणेच्या अगदी शेजारी सप्टेंबरची. मग खुर्ची उन्हाच्या मागे मागे सरकवायची, पाय उन्हात आणि पान सावलीत येईल अशी, पानावर थेट ऊन नको, डोळ्यांना त्रास होतो आणि कागद पिवळा पडतो.

परवाच खुर्ची मार्चच्या खुणेवरून पुढे ढकलली तर खाली मागच्या वर्षी हरवलेला बुकमार्क सापडला, निळ्या रिबिनीचा. कुठल्या पुस्तकातला, काही आठवेना. वहीच्या मागच्या पानावर 'ब' मध्ये बघितलं, बुकमार्क, पान ८८. तिथे ओळ होती: 'पान १२८, बुकमार्क हरवला, पाऊस, वरच्या मजल्यावर कोणीतरी तासभर कपाट सरकवतंय.' पुस्तक कपाटातून काढलं, १२८ वर गेले, आणि त्या दिवशी तिथे का थांबले होते ते दोन ओळींत कळलं, दार वाजलं होतं.